दोन्ही बाह्या डाव्या

"अहो, माझा उजवा हात कुठे गेला, जरा बघता का?"

भिंगरीने मान वर केली. काउंटरपलीकडे एक उंच तरुण नवाकोरा काळा कोट घालून उभा होता. डावा हात अगदी झोकात... आणि उजवी बाही मात्र कोपरापाशी भलतीकडेच वळलेली.

"अगं बाई!" तिने तोंडावर हात ठेवला. "दोन्ही बाह्या डाव्या!"

"तरीच! मला वाटलं, मीच चुकीचा घडलोय."

ती खुदकन हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. बिचारा गडबडूनच गेला.

रडू येईल नाही तर काय! दुकान मावशीचं. तिनेच आईविना भाचीला वाढवलं, सतत गरगरते म्हणून भिंगरी हे नावही तिनेच ठेवलेलं. मावशी पाय मोडून घरी कुबड्यांवर अडकली आणि सगळं भिंगरीवर पडलं. गायकवृंदाच्या सात गड्यांचे सात कोट शुक्रवारी द्यायचे, शनिवारी त्यांचा कार्यक्रम. मावशीने ठणकावून सांगितलं होतं, "हे काम धड गेलं तर किल्ली तुझी. नाही तर मी कुलूप लावते. तीस वर्षांचं नाव घालवून मला दुकान चालवायचं नाही." आज सोमवार. सहा कोट अर्धेमुर्धे, आणि पूर्ण झालेला एकुलता एक हा असा.

"बाही कापताना फोन आला," ती नाक पुसत म्हणाली. "मग इस्त्री तापली, मग एक बाई पडदे घेऊन आल्या. परत येते तो कापड उलटायचं राहूनच गेलं. सकाळपासून बूड टेकलं नाही हो माझं! अंग नुसतं ठणकतंय. आणि संध्याकाळी बघावं तर हातात भोपळा."

"मी थांबतो. उसवा तुम्ही सावकाश," म्हणत तो स्टुलावर बसला.

तिने बाही उसवायला घेतली. फोन वाजला. गिऱ्हाईक आलं. पुन्हा फोन... मावशीच, "कुठवर आलं?" विचारायला. मग दोऱ्याचं रीळ शोधणं, मग कुणाची तरी चेन.

"अकरा," तो म्हणाला.

"काय अकरा?"

"अकरा वेळा उठलात, या एका बाहीवरून. मी शाळेत शिकवतो, मोजायची खोडच लागलीय. आणि दर वेळी परत आलात की बाहीकडे अशा बघता... ही कोणाची आणि इथे कशी?"

भिंगरीला राग यायला हवा होता. आला नाही. तिच्याकडे इतकं नीट कुणी बघितलंच नव्हतं!

"भरलेली बादली एका दमात नेली तर जाते," तो पुढे म्हणाला. "दर पायरीवर ठेवली-उचलली तर कंबर मोडते."

"मास्तर, ही शिकवणी फुकट आहे ना?"

"शाळेला सुट्टी आहे. शुक्रवारपर्यंत फोन आणि गिऱ्हाइकं मी बघतो, तुम्ही फक्त शिवा. माझा स्वार्थ आहे, कोटाशिवाय मला कुणी गाऊ देणार नाही." हे म्हणताना स्वारी कानापर्यंत लाल झाली होती. त्याने तिचा फोन उचलला आणि बटणांच्या पत्र्याच्या डब्यात टाकून दिला.

पहिल्या दिवशी डबा खडखडला की तिचे हात थबकायचे. मास्तर नुसता भुवई उंचवायचा... ती जीभ चावून पुन्हा सुई धरायची. बुधवारी मात्र गंमतच झाली. एक कोट संपला, तिने मान वर केली, तर बाहेर ऊन उतरलेलं आणि ती मुळीच दमलेली नव्हती! उलट मास्तरच टेबलावर डोकं ठेवून बसलेला.

"मेलो हो! तेवीस फोन, चौदा गिऱ्हाइकं. आणि दिवसभरात मी केलं काय? काहीच नाही!"

"आता कळलं?" ती मनसोक्त हसली.

तोही हसला. मग केस सारखे करून ताठ बसला. "मला तुम्हाला एक... म्हणजे बरेच दिवस... बरेच कसले, सोमवारपासून..."

डबा खडखडला. त्याने निमूटपणे फोन घेतला. गुरुवारी तो पुन्हा "मला तुम्हाला एक..." पर्यंत पोचला आणि पडदेवाल्या बाई आल्या. भिंगरीने टीप मारता मारता दोन्ही वेळा ऐकलं होतं बरं का. कान काही तिने डब्यात टाकले नव्हते.

शुक्रवारी दुपारपर्यंत सहा कोट रवाना झाले. राहिला त्याचा. त्याने घातला, हात वर केले, खाली केले, आरशात वळून बघितलं. एकही चूक सापडली नाही, तसं त्याचं तोंड पडलं.

"झाला की..."

"झाला कसला? एक बटण राहिलंय. हलू नका."

छातीवरचं मधलं बटण. ती इतकी जवळ आली की तिच्या केसांना लागलेला खडूचा पांढरा कण त्याला दिसला. श्वास रोखून तो म्हणाला, "मला तुम्हाला एक..."

"थांबा. बटण होऊ दे."

तिने गाठ मारली. दोरा कापला. कात्री ठेवली, सुई टाचण्यांच्या उशीत खुपसली, दुकानाचं दार लोटून घेतलं. मग त्याच्यासमोर स्टुलावर बसून दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि थेट त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"हं. आता सांगा."

मास्तरची बोबडीच वळली. "तुम्ही अशा बघायला लागलात तर... विसरलो मी सगळं!"

"मग मी सांगते. दुरुस्त करायला पहिला आला तो तुमचा कोट, आणि सगळ्यांत शेवटी झाला तोही तुमचाच. विचारा का?"

"का?"

"संपल्यावर तुम्ही कशाला याल, म्हणून."

"वेडी कुठली!" तो तिचे सुईने टोचलेले हात हातात घेत म्हणाला. "मी रोज बाही फाडून आणली असती."

डबा खडखडला. थांबला. पुन्हा खडखडला. दोघांनीही ढुंकून बघितलं नाही. तिसऱ्यांदा मात्र भिंगरीने हसत एक हात सोडवून फोन काढला.

"कुठवर आलं गं?" मावशीने विचारलं.

"सातही झाले, मावशी."

"सातही? धड? मग किल्ली तुझी हो पोरी! बरं ठेवते, गॅसवर दूध आहे, आणि शेजारीण बसलीय..."

"मावशी, गॅस बंद कर," भिंगरी म्हणाली. "खुर्चीत बस. मला एक सांगायचंय, ते नीट ऐक."