पाचवा खिळा

ऐक. नुसतं ऐक, मध्ये एक शब्द बोलू नकोस, कारण तू तोडलंस की माझा धागा सुटतो.

भोंगा माहितीये ना? ताईचा धाकटा भाऊ. वय पस्तीस, अंगाने गोल, मनाने लोणी. भोंगा हे नाव शाळेत पडलं, कारण त्याच्या पोटात काही राहत नाही. त्याला सांगितलं म्हणजे गल्लीला सांगितलं. आणि अशा माणसाची बहीण काय, तर खाजगी गुप्तहेर! शिंप्याच्या दुकानावर तिची खोली, एक टेबल, तीन खुर्च्या, आणि एक पंखा जो फक्त तीनवरच चालतो.

तर शनिवारी सकाळी तिथे बंबकाका आले. अग्निशमन दलात तीस वर्षं काढलेला माणूस, म्हणून बंबकाका. ताठ, उंच, मिशी पांढरी. पण त्या दिवशी खुर्चीत असे बसले की जणू कुणी हवा काढून घेतलीये.

"चोरीचं काम आहे का काका?" ताईने विचारलं.

"चोरी झाली असती तर पेढे वाटले असते," काका म्हणाले. "माझं सामान वाढतंय."

भोंग्याला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

गोष्ट अशी होती. काकांनी नोकरीत पूर पाहिले, आगी पाहिल्या, चार-चार दिवस गच्चीवर अडकलेली माणसं उतरवली. म्हणून घरातली मागची खोली त्यांनी संकटासाठी भरून ठेवलेली. घरात चार माणसं, त्यामुळे खोलीतली प्रत्येक गोष्ट चारात भागली जाते. आणि नियम एकच, तारीख घातल्याशिवाय आत काही जायचं नाही. काका स्वतः मार्करने प्रत्येक डब्यावर, प्रत्येक पाकिटावर तारीख लिहितात. जुनं पुढे, नवं मागे.

"पाण्याचे कॅन वीस होते, आता पंचवीस आहेत," काका बोटांवर मोजत म्हणाले. "साबण बाराचे पंधरा. मऊ पंचे आठाचे दहा. सुती कापडाचे तुकडे सोळाचे वीस. मी हे घेतल्याचं मला आठवत नाही."

"मग कुणीतरी ठेवलं असेल."

"पोरी, त्यांच्यावर तारखा आहेत. माझ्या अक्षरात."

"माझ्या मोठ्या भावाचं असंच सुरू झालं होतं," काका हळूच म्हणाले. "आधी आकडे गेले. मग माणसं गेली. शेवटी वहिनीलाच विचारायचा, तुम्ही कोण? मला घरच्यांना हे दाखवायचं नाही. वृद्धाश्रमात जागा बघून ठेवलीये. सोमवारी निघतो. घरी सांगितलंय, जुन्या दोस्ताकडे महिनाभर राहायला चाललोय. बॅगही भरली. पण जाण्याआधी एकदा खात्री करायची आहे. कुणीतरी आत शिरतंय हे दाखव, नाहीतर माझं डोकं गेलंय असं सरळ तोंडावर सांग."

आता सांग, अशा वेळी भोंग्याने काय करावं? तो रडला. काकांनीच त्याला रुमाल दिला.

त्याच दुपारी दोघं काकांच्या घरी. ताईने आधीच शिकवून ठेवलेलं, आपल्यालाही अशी खोली करायची आहे म्हणून बघायला आलोय. दार उघडताच काकूंना म्हणाली, "माझ्या भावाला पुराची फार भीती वाटते हो. पावसाचे दोन थेंब पडले की पलंगावर चढून बसतो."

"अगं बाई!" काकूंनी भोंग्याकडे अशा मायेने पाहिलं की त्याला नाही म्हणता येईना.

मागच्या खोलीची किल्ली स्वयंपाकघरात सगळ्यांसमोरच लटकलेली. भोंगा पुढे झाला, कुलूप काढलं, दार ढकललं आणि कपाळ आपटून घेतलं.

"असं नाही रे," काका म्हणाले. "दोन महिन्यांपूर्वी बिजागरी खचली. आधी दार वर उचल, मग ढकल."

आत काय ती शिस्त! चार टॉर्च, चार रेनकोट, भिंतीत ओळीने चार खिळे आणि त्यांवर चार शिट्ट्या. ढिगाऱ्यात अडकलं तर आवाज द्यायला. तांदूळ, बिस्किटं, शेंगदाणे. ताईने एकेक मोजलं. टॉर्च चार, रेनकोट चार, शिट्ट्या चार. बिस्किटांचे पुडे अठ्ठावीस, काकांनी ठेवले तेवढेच. खाण्याच्या सामानात एक दाणा वाढलेला नाही. स्टोव्हचे गॅसचे डबे मात्र आठाचे दहा.

"आणखी काही बदललं?"

"उंदराचं औषध," काकांनी मान खाली घातली. "रॉकेल आणि ब्लेडचं पाकीट. तिन्ही तळाच्या फळीवर असायची. आता सगळ्यात वर आहेत. कधी ठेवली, आठवत नाही."

भोंग्याने टाचा उंच केल्या, हात ताणला, तरी त्याची बोटं फळीच्या कडेलाच लागली. खोलीत चढायला स्टूलही नव्हतं. ताईने एक कॅन उजेडात धरला. तारखेतला पाच बघण्यासारखा होता, खाली शेपटी आणि शेपटीला छोटी गाठ, दोरीला मारतात तशी.

"हा पाच?"

"माझाच. लहानपणापासून असाच काढतो."

मग चहा झाला आणि चहाबरोबर गप्पा.

काकू म्हणजे जेमतेम भोंग्याच्या खांद्याला लागतील एवढ्या. "मी नाही जात बाई त्या खोलीत," त्या म्हणाल्या. "एकदा साबण घ्यायला गेले तर यांनी माझ्याकडून सही घेतली!"

काका मिशीत हसले. त्या दिवसातलं पहिलं हसू.

बोलता बोलता काकूंनी कपाट उघडलं तर कोपऱ्यात लोकर दिसली, सुया तशाच खोचलेल्या, तळहाताएवढा स्वेटर अर्धवट. काकूंनी पटकन वर साडी ओढली. "दोनदा काढला, दोनदा ठेवून दिला," त्या पुटपुटल्या. "आता आम्ही विषयच काढत नाही. पोरीला किती त्रास द्यायचा."

सून शाळेत शिकवते, सासूपेक्षा बोटभर उंच असेल. ती म्हणाली, "मला तर ती खोली आवडते. पण आत एकदाच गेले, पसारा असेल तर आवरू म्हणून, आणि निघाली बाबांची छावणी. वर्ष झालं त्याला." एवढं बोलून ती पाण्याची बादली उचलायला वाकली, तेवढ्यात नवरा आतून जवळजवळ धावतच आला. "ठेव, ठेव, मी नेतो." भोंगा मनात म्हणाला, वा, काय प्रेम आहे!

हा मुलगा म्हणजे काकांचीच उंची, चष्म्याच्या दुकानात कामाला, तोंडाने फटकळ.

"बाबा जगबुडीची वाट बघतायत," तो भोंग्याला म्हणाला. "आणि ती आली नाही तर फार नाराज होणारेत. खरं सांगू? लग्न झाल्यापासून मी त्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही."

"हो का," ताई म्हणाली. "बरं, तेवढा आतला एक टॉर्च दाखवता? कुठला घ्यायचा ते बघते. आणि तुमच्या दुकानाचा नंबर द्या, भोंग्याचा चष्मा बदलायचाच आहे."

मुलाने कागदावर नंबर खरडला. मग उठला, किल्ली काढली, दाराखाली पाय घालून ते अलगद वर उचललं, ढकललं, आणि अर्ध्या मिनिटात टॉर्च घेऊन बाहेर. भोंग्याला आपलं कपाळ आठवलं. माणसाने कसं चपळ असावं, त्याला वाटलं.

अंगणात ताईने विचारलं, "काय भोंग्या, कोण?"

"वाणी," भोंगा छातीठोकपणे म्हणाला. "चुकून जास्त सामान टाकतो."

"आणि वाणी येऊन उंदराचं औषध वर ठेवतो?"

भोंग्याचा चेहरा पडला. पण ताईचा चेहराही काही जिंकल्यासारखा नव्हता. कागदाची घडी बोटांत फिरवत ती म्हणाली, "मला कळलंय रे. पण सांगू कसं? ही गोष्ट माझी नाही. ज्यांची आहे त्यांनी अजून घरात कुणाला सांगितलेली नाही. आणि नाही सांगितली तर तो म्हातारा सोमवारी बॅग घेऊन निघतो."

संध्याकाळी मुलगा-सून फिरायला गेले, काकू शेजारी गेल्या, आणि ताईने काकांना मागच्या खोलीत बोलावून दार लावून घेतलं.

"काका, मी उत्तर देणार नाही. तुम्हीच मोजायचं. डोकं कुणाचं गेलंय ते लगेच कळेल. वीसचे पंचवीस, बाराचे पंधरा, आठाचे दहा, सोळाचे वीस. काय झालं?"

"सव्वापट झालं."

"तुमच्या खोलीच्या हिशोबात म्हणजे?"

काकांनी भुवया आवळल्या. "चाराचे पाच. कुणीतरी पाचव्या माणसाचा वाटा ठेवलाय."

"कसला कसला वाटा?"

"पाणी. ते उकळायला गॅस. साबण, पंचे, कापड..."

"बिस्किटं का नाहीत? शेंगदाणे? रेनकोट? टॉर्च?"

"टॉर्च धरता येत नसेल," काका म्हणाले. "बिस्किटं चावता येत नसतील. दात..."

आणि थांबले. तळाच्या रिकाम्या फळीकडे पाहिलं, मग वरच्या फळीवरच्या औषधाकडे. भोंग्याला अजूनही कळलं नव्हतं, खरं सांगतो. त्याला वाटलं कुणी म्हातारी आजी राहायला येणार.

"रांगायला लागलं की पहिला हात तळाच्या फळीवर जातो," काका घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"रांगायला अजून दीड वर्ष आहे. पण एवढ्या पुढचा विचार करायची सवय या घरात एकाच माणसाने लावलीये." ताईने शेवटी स्वतःच सांगायला घेतलं. "आता कोणी ठेवलं ते ऐका. वरच्या फळीला स्टुलाशिवाय या घरात दोघांचेच हात पोचतात, तुमचा आणि मुलाचा. तो म्हणतो, लग्नापासून खोलीत आलो नाही. बिजागरी खचली दोन महिन्यांपूर्वी, आणि तो दार न बघता उचलून ढकलतो. भोंग्याच्या कपाळाला विचारा हे कुणाला आपोआप जमतं का. बादली बायकोच्या हातून घेतली ती कशी, तेही तुमच्यासमोरच झालं. आणि हे."

तिने दुकानाच्या नंबराचा कागद उलगडला. नंबरात तीन पाच. तिन्हींच्या शेपटीला गाठ.

"त्याला आकडे कुणी शिकवले, काका?"

काकांनी कागद हातात घेतला.

"पाटीवर," ते म्हणाले. "मी रात्रपाळी करून यायचो, आणि हा पाटी घेऊन दारातच बसलेला असायचा."

"आत काही ठेवायचं तर तारीख घालायची, हा तुमचा नियम. त्याने पाळला. चुपचाप पाळला. तो तुमचाच पाच काढतो हे त्याच्या कधी लक्षातच आलं नसेल. तुमचं डोकं शाबूत आहे. तुमचा आकडा दुसऱ्याच्या हातात उतरलाय, एवढंच."

"पण तो तर या खोलीला हसतो!"

"हसतो. आणि भीती वाटली तेव्हा कुठे आला? दोनदा बाळ हातचं गेलंय त्यांचं. म्हणून यावेळी तोंडातून शब्द काढायला घाबरतायत. बायकोलाही सांगितलं नसेल की मी बाबांच्या खोलीत सामान लावतोय."

काका उठले. बाहेरच्या खोलीत गेले, भरलेली बॅग पलंगावर उलटी केली आणि सदरे एकेक करून परत कपाटात ठेवले. घडी न मोडता, अर्थातच.

"ते सांगतील तेव्हाच मला कळेल," ते म्हणाले. "आणि पहिल्यांदाच कळेल. असा उडेन की छताला लागेन. समजलं?" हे शेवटचं भोंग्याकडे बघून.

ताईनेही भोंग्याकडे बघितलं. "शपथ."

भोंग्याने शपथ घेतली. दोन्ही हातांनी.

इथेच संपायला हवं होतं ना? पण आठ दिवसांनी भोंगा केळीवाल्याच्या गाडीपाशी उभा, आणि समोरून तो मुलगा. थट्टा नाही, मस्करी नाही, चेहरा अगदी पाटी घेऊन दारात बसलेल्या पोराचा.

"एक विचारू?" तो म्हणाला. "मागच्या खोलीत शिट्ट्यांचे चार खिळे होते. आज सकाळी बघतो तर पाचवा ठोकलाय. माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर. शिट्टी नाही, नुसता खिळा. खाली बाबांची तारीख." त्याने इकडेतिकडे पाहिलं. "अजून एक महिना आम्हाला कुणाला काही सांगायचं नाहीये. कुणी आशेने बघायला लागलं की हिला धडकी भरते. तुम्ही त्या दिवशी आला होतात. खरं सांगा, बाबांना कळलंय का?"

आता बघ. हो म्हणावं तर काकांची शपथ मोडते, आणि त्या पोरीची धडकी वाढते. नाही म्हणावं तर समोर उभ्या असलेल्या, एकट्याने भिणाऱ्या माणसाला खोटं सांगायचं, आणि तेही त्याच्या बापाने त्याच्या बाळासाठी खिळा ठोकलेला असताना. आणि हे सगळं कुणाच्या गळ्यात? ज्याच्या पोटात आयुष्यात काही राहिलं नाही त्याच्या!

भोंग्याने एक केळं सोललं आणि अख्खंच्या अख्खं तोंडात कोंबलं. गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याने मुलाच्या पाठीवर हात ठेवला. तो हात काढेना, आणि केळं संपेना.

तू असतास तर काय केलं असतंस?