झिंब्रूचं लोढणं

अंगणातला दिवा घालवा रे कोणीतरी, नुसते किडे येताहेत. अंधारात बसायला कोणाची हरकत नाही ना? बरं. मग जवळ सरका. मला आता मोठ्यानं बोलवत नाही.

ही गोष्ट निस्तोरची. ओढ्यापलीकडचं हिरव्या दाराचं घर त्याचं, तुम्ही सगळे त्याला ओळखता. उद्या रस्त्यात भेटला तर त्याला यातलं काही विचारू नका. विचारलंत तर तो सांगेल, आता तो कोणापासून काही लपवत नाही. पण सांगताना त्याची मान खाली जाते, आणि मला ते बघवत नाही.

निस्तोर उन्हाळ्यात घरी पाहुणे ठेवतो. बुखारेस्टची, क्लुझची माणसं, लेकराबाळांसकट येतात. सकाळी त्यांना घेऊन रानात निघायचं, झऱ्यापर्यंत जायचं, नाहीतर वरच्या कुरणापर्यंत, आणि दुपारच्या जेवणाला घरी परत. दमछाक होईल असं काही नाही. वाटेत कुठे रानटी स्ट्रॉबेरी दिसली तर बसून खायची, सुतारपक्ष्याचं घरटं दिसलं तर पोरांना उचलून दाखवायचं. आणि सगळ्यांच्या पुढे चालायचा त्याचा कुत्रा, झिंब्रू.

मोठा, राखी रंगाचा, एका डोळ्यावर पांढरा ठिपका. तो मूळचा इकिमच्या मेंढवाड्यातला. इकिम वरच्या कुरणावर मेंढ्या राखतो, निस्तोरचा लहानपणापासूनचा दोस्त. त्यानंच हा कुत्रा पिल्लू असताना निस्तोरला दिला होता.

झिंब्रूची एक सवय होती. वाट वळली की तो थांबायचा, सगळ्यांना पुढे जाऊ द्यायचा, शेवटच्या माणसापाशी जाऊन त्याचा हात हुंगायचा आणि परत पळत पुढे यायचा. कोणी मागं राहिलं असलं, बुटाची नाडी बांधायला बसलं असलं, तर हा वाटेच्या मधोमध बसकण मारायचा. मग तुम्ही ओरडा, ढकला, हलायचा नाही. राहिलेलं माणूस येऊन मिळालं की उठायचा. निस्तोर पाहुण्यांना म्हणायचा, "वाट मी दाखवतो, पण हजेरी हे साहेब घेतात."

आता लोढण्याचं सांगतो. आपल्याकडे मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यात लोढणं लागतं. पट्ट्याला आखूड साखळी आणि साखळीला आडवं लाकूड, गुडघ्यांशी लोंबणारं. हरणामागे धावायला गेला की ते पायात येतं. वनरक्षक त्याबाबतीत फार कडक. पण दाट रान लागलं की जाणता मेंढपाळ ते लोढणं काढून खांद्याला अडकवतो. तिथे अस्वलं असतात. लोढण्यासकट कुत्र्याला धड वळता येत नाही, धड बाजूला उडी मारता येत नाही. हे निस्तोरला माहीत नव्हतं असं नाही. झिंब्रूचं लोढणं त्यानं स्वतःच्या हातानं तासलं होतं, बीचच्या लाकडाचं, दोन्ही टोकांना फुलं कोरलेली. रानाच्या तोंडाशी आलं की तो ते रोज न चुकता काढायचा.

एक दिवस नाही काढलं.

त्या दिवशी पाहुण्यांमध्ये एक बाई होत्या, फोटो काढायची फार हौस. त्या म्हणाल्या, "निस्तोरकाका, ते लाकूड राहू द्या ना गळ्यात. किती छान दिसतंय! अगदी जुन्या काळातला कुत्रा वाटतो."

निस्तोर हसला. "राहू द्या की," म्हणाला. "आज साहेबांचा फोटो निघायचाय म्हणजे पूर्ण पोशाख पाहिजे."

एवढंच झालं, बघा. एवढ्याशा हौसेपायी.

वरच्या वळणावर एक बीचचं झाड आडवं पडलंय, अजून आहे ते. तिथे रासबेरीच्या जाळीतून अस्वल उठलं. मादी होती, मागे पिल्लू असणार. झिंब्रू मध्ये जाऊन उभा राहिला. निस्तोरनं पोरांना पुढे घातलं, बायकांना ढकललं आणि सगळे खाली धावत सुटले. तो पण धावला. वळणावर त्यानं एकदाच मागं पाहिलं. झिंब्रू बाजूला उडी मारायला गेला, आणि लोढणं पुढच्या पायांत अडकलं...

त्यानं पुन्हा पाहिलं नाही.

खाली ओढ्याशी आल्यावर सगळे धापा टाकत बसले. त्या बाईंनी रडत विचारलं, "झिंब्रू कुठाय? वर जाऊन बघायचं का?"

आणि निस्तोर म्हणाला, "कशाला? तो केव्हाच पळाला. अस्वल बघितलं आणि शेपूट घालून पळाला हरामखोर."

का म्हणाला? वर जायची हिंमत नव्हती. लोढणं का काढलं नाही, हे कोणी विचारू नये असंही वाटलं. माणसाच्या तोंडून एकदा निघून जातं. मग ते गिळता येत नाही. त्याच्या बायकोनं, सावेतानं विचारलं, तिलाही तेच. पारावर दारू पिताना कोणी विचारलं, तेच. दुसऱ्या दिवशी तो एकटा वर जाऊन आला. गवत दरीपर्यंत फरपटलेलं होतं, रक्त होतं. कुत्रा नव्हता. लोढणंही नव्हतं. हे त्यानं कोणाला सांगितलं नाही.

यानंतर वर्ष गेलं. आता त्या रात्रीकडे येतो.

गेल्या साली जुलैची एकोणीस तारीख, शनिवार. दुसऱ्या दिवशी संत इलियेचा सण. सावेताच्या घरात पाहुणे भरलेले आणि चीज संपलेलं.

"उद्या मक्याच्या मामालिगाबरोबर काय वाढू त्यांना, माझं डोकं?" ती म्हणाली. "जा की इकिमकडे. उजेड आहे तोवर जाऊन येशील."

निस्तोर निघाला. हवा छान होती. चढताना त्याला धाप लागली नाही, आडव्या बीचपाशी मात्र त्यानं पावलं उचलली. वर्षभर तो तिथे असंच करायचा. पाहुण्यांना घेऊनही त्या वाटेनं जायचं त्यानं सोडलं होतं.

इकिम झोपडीच्या दारात भांडी घासत होता. "या, या! पाहुण्यांचे राजे आले! शहरातल्या बायका सोडून गरिबाकडे कसे काय?"

"बायकोनं हाकललं."

"शहाणी बाई. बस."

दोघं बसले. आलुबुखारच्या दारूचा एकेक पेला घेतला. खुंटाला एक तरणा कुत्रा बांधलेला होता, वर्षाचाही नसेल. राखी रंग. डोळ्यावर पांढरा ठिपका. त्यानं निस्तोरचा हात हुंगला, मग इकिमचा हुंगला, मग पुन्हा निस्तोरचा.

"हा कोणाचा?" निस्तोरनं विचारलं. खरं तर त्याला कळलं होतं.

"झिंब्रूचं शेवटचं पिल्लू. उद्या सॉ मिलवाला येतोय न्यायला. साखळीला बांधून ठेवील गेटावर." इकिमनं पेला जमिनीवर ठेवला. "गुणी आहे रे. पण याचा बाप अस्वलाला बघून पळाला. मेंढ्यांजवळ असलं रक्त कोण ठेवील? याच्या भावंडांनाही कोणी घेतलं नाही. लोक मला तोंडावर हसतात, इकिमचे कुत्रे पळपुटे म्हणून."

निस्तोरनं पेला रिकामा केला.

"दुसऱ्या कोणी सांगितलं असतं ना, तर मी त्याच्या थोबाडीत मारली असती. झिंब्रूला मी माझ्या हातानं दूध पाजलंय. पण तू सांगितलंस. तू कशाला खोटं बोलशील?"

निस्तोरचे कान तापले. जिभेवर आलं होतं. अगदी दातांपर्यंत आलं होतं.

"चीज जरा जास्तच बांध," तो म्हणाला.

इकिमनं देवदाराच्या सालीत चीज बांधून दिलं. निस्तोर उठला तसा तो तरणा कुत्रा दोरी ताणून उभा राहिला. भुंकला नाही. नुसता बघत राहिला, त्याच्याकडे आणि त्याच्या मागच्या वाटेकडे.

रानात शिरेपर्यंत अंधार झाला. चंद्र मध्यरात्रीशिवाय उगवणार नव्हता. निस्तोरनं बॅटरी लावली आणि खाली उतरू लागला. वाट पायांखालची. मनात एकच चाललेलं. उद्या सांगू. उद्या सॉ मिलवाला यायच्या आधी सांगू. नाहीतर... सॉ मिलवर काय वाईट आहे? खायला तर मिळेल.

तेव्हा मागं आवाज आला.

टक.

लाकूड दगडाला लागल्यासारखा. त्याला वाटलं, इकिमचा एखादा कुत्रा मागं आला असेल. "जा घरी," तो न वळताच म्हणाला.

टक... टक.

चालीचा आवाज. लोढणं गुडघ्यांवर आपटतं, तसा. निस्तोरनं बॅटरी वळवली. वाट रिकामी होती. नेचे हलत नव्हते.

तो चालू लागला. वाट वळली. आवाज त्याच्या बाजूनं पुढे गेला. अगदी जवळून, पायाला वारा लागला. पुढे थांबला. मग परत मागं आला. हाताला काहीतरी ओलं लागलं. थंड.

निस्तोरनं हात छातीशी ओढला.

पुढचं वळण. पुन्हा तसंच. पुढे... थांबला... मागं. हाताला ओलं.

हजेरी.

आता तो धावतच होता. चीज कुठे पडलं त्याला कळलं नाही. तोंडानं प्रार्थना म्हणायला गेला, शब्द आठवेनात. बॅटरीच्या उजेडात ते बीच दिसलं. आडवं. पांढरट. ते ओलांडलं की खाली ओढा, ओढ्यापलीकडे घर. दिवेही दिसत होते घरातले.

टक.

बीचच्या अलीकडे. वाटेच्या मधोमध. आणि मग अंग टाकून बसल्याचा आवाज. धप्प.

नंतर काहीच नाही. रातकिडे नाहीत. ओढासुद्धा नाही.

निस्तोर उभा राहिला. समोर कोणी नव्हतं. माती होती, पाला होता. त्यानं एक पाऊल टाकलं.

नडगीला लाकूड लागलं.

दिसत नव्हतं. पण लागलं. आडवं, घट्ट. त्यानं जोर केला. ते हललं नाही. त्यानं हात खाली नेला... आणि बोटांखाली कोरलेलं फूल आलं.

"झिंब्रू," तो म्हणाला. "अरे, जाऊ दे मला. कोणी राहिलेलं नाही रे मागं. मी एकटाच आहे."

कोणी उठलं नाही.

"एकटाच आहे मी..."

आणि बोलता बोलता तो थांबला. मागं कोण राहिलं होतं ते त्याला समजलं. दोरी ताणून उभं होतं ते, वर, खुंटाला. आणि त्याच्याही आधी एकदा, याच झाडापाशी, एक जण मागं राहिला होता. तेव्हा बसून वाट अडवणारं कोणी नव्हतं.

निस्तोर त्या वाटेत गुडघ्यांवर बसला. म्हातारा माणूस, पण लहान पोरासारखा रडला. मग उठला आणि घराच्या दिव्यांकडे पाठ केली.

नडगीवरचा भार गेला. टक, टक, टक... आवाज चढावर निघाला, घाईनं, त्याच्या पुढे. पूर्वी जायचा तसा.

मेंढवाड्यातले कुत्रे अनोळखी पावलाला फाडून खातात. त्या रात्री एकही भुंकला नाही. सगळे पोट जमिनीला लावून पडले होते, कान पाडून. निस्तोरनं दार वाजवलं. इकिम कंदील घेऊन बाहेर आला.

"काय रे? तोंड असं का झालंय? चीज कुठाय?"

"झिंब्रू पळाला नव्हता."

इकिमनं दार पाठीमागं लोटून घेतलं.

"तो मध्ये उभा राहिला, इकिम. आम्ही पळालो. मी पळालो. तो राहिला."

"झिंब्रू अस्वलाला चकवायचा," इकिम हळू म्हणाला. "मी बघितलंय. गोल गोल फिरवायचा, हाती लागायचा नाही."

"त्याला वळता आलं नाही."

कंदील वर आला. निस्तोरच्या तोंडावर.

"लोढणं काढलं नव्हतंस?"

"नाही."

"का?"

निस्तोरला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. पण तो म्हणाला. "फोटोसाठी."

इकिमनं कंदील खाली घेतला. त्यानं शिवी दिली नाही. मारलंही नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं निस्तोर अजून म्हणतो. इकिम एवढंच म्हणाला, "सॉ मिलवाल्याला मी सांगतो, कुत्रा द्यायचा नाही. आणि गावाला तू सांगायचंस. उद्या, प्रार्थना सुटल्यावर, सगळ्यांसमोर."

"सांगतो."

मग इकिम खुंटाकडे गेला, पिल्लाची दोरी सोडायला. वाकला, आणि तसाच वाकलेला राहिला.

"निस्तोर," तो म्हणाला. "इकडे ये."

पिल्लू जागं होतं. दोरी होती तशीच, गाठ न सुटलेली. संध्याकाळपासून ते तिथून हललं नव्हतं. त्याच्या पुढच्या दोन पंजांमध्ये एक लाकूड होतं आणि ते शांतपणे त्याचं टोक चाटत होतं. बीचचं लाकूड, टोकांना कोरलेली फुलं. साखळी शाबूत. आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाला पट्टा होता, मोठ्या कुत्र्याच्या मानेचा... न तुटलेला, न कापलेला, बक्कल होतं तसंच लावलेलं.