सगळ्यांना मनाई

दोरीवरचे कपडे काढायला एनिफा मागच्या अंगणात आली आणि जागच्या जागी थिजली. बाबा गात होते.

जूनमध्ये झोम्बा शहरात चिपेरोनीची, गार वाऱ्यासोबत येणारी झिमझिम लागली की समोरचं घरसुद्धा दिसेनासं होतं. त्या धुक्यातून, मागच्या भाड्याच्या खोलीतून, बाबांचा तो भरदार खर्ज येत होता. बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं! आणि वर त्यांच्या आवाजात कुणीतरी आपलाही आवाज मिसळत होतं... तरुण, मोकळा आणि भलताच आगाऊ.

"ओडी!" तिने दाराशी जाऊन हाक दिली. राग आला म्हणून काय झालं? ओडी म्हटल्याशिवाय कुणाच्या दारात शिरायचं नसतं, मग ती खोली आपल्याच मालकीची का असेना.

"ओडीनी, ओडीनी!" या, या म्हणून आतून उत्तर आलं.

दार उघडलं. उंच अंगाचा एक जण, हातात अर्धवट सोललेलं रताळं.

"मालकीणबाई ना तुम्ही? मी लुसुंगू. तुमच्या मामांनी काल खोलीची किल्ली दिली. मोजणी खात्यात—"

"ते राहू दे. माझे बाबा तुमच्या खोलीत काय करतायत?"

त्याने चटकन लॅपटॉपवरचं गाणं थांबवलं. चेहरा पार उतरला बिचाऱ्याचा. "हे... तुमचे बाबा?"

"चोरलंत कुठून?"

"चोरलं नाही हो! तुमचं वायफाय जोडलं, आणि समोर फोल्डर आलं, 'बाबांची गाणी'. ना कडी ना कुलूप. मला वाटलं, या घरात भाड्यात गाणीही मिळतात."

"पण परवानगी कुणी दिली?"

"तुम्हीच." त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "हे फोल्डर तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवर आहे. आणि बघा, कुणाला खुलं आहे? 'सगळ्यांना'. नुसतं ऐकायलाच नाही, बदलायला, पुसून टाकायलासुद्धा."

हे काम लिंबानीचं, तिच्या भावाचं. अंत्यविधीला जोहान्सबर्गहून आला तेव्हा घरात माणसं मावत नव्हती. सगळ्यांना आपापल्या फोनवर बाबा ऐकता यावेत म्हणून त्याने ते खुलं करून ठेवलं होतं. मग तो गेला. सगळेच गेले. एनिफाने त्यानंतर ते फोल्डर उघडलंच नव्हतं. हिंमतच झाली नव्हती तिची.

"पुसून टाकायलासुद्धा?" तिने पडद्याजवळ वाकून पाहिलं.

"घाबरू नका, सोपं आहे. 'सगळ्यांचं' नाव काढायचं, ज्याला द्यायचं त्याचं घालायचं. ऐकायची परवानगी वेगळी, बदलायची वेगळी. येऊ का करून द्यायला?"

"काही गरज नाही. माझं मी बघेन."

"मग माझं नाव घालाल ना?" हसताना त्याचे डोळे अगदी बारीक व्हायचे. "फक्त ऐकण्यापुरतं... हात नाही लावणार."

"रताळं सोला तुमचं!" म्हणून ती वळली. पण घरी पोचेपर्यंत गाल गरम झाले होते, ते कशाने कोण जाणे.

कॉम्प्युटरसमोर बसून तिने ती चौकट शोधून काढली. 'सगळे' या नावापुढे दोन रकाने होते, परवानगीचा आणि मनाईचा. नाव काढत बसायचं कशाला? मनाईच्या रकान्यात तिने खाली खाली सगळीकडे टिक मारली. कॉम्प्युटरने काहीतरी लांबलचक विचारलं. एनिफाने न वाचता 'हो' म्हटलं.

झालं! मागची खोली गप्प झाली. सकाळी नळावर तो विचारायचा, "झोप लागली का मालकीणबाई?" ती म्हणायची, "लागली." पुढे काही नाही. त्याने पुन्हा गाणं म्हटलं नाही... आणि खरं सांगायचं तर तिला आता त्याचीच वाट बघायची सवय लागत चालली होती. घर इतकं रिकामं आहे हे तिला त्या एका गाण्यानेच कळलं होतं.

एका रविवारी चर्चहून येऊन तिने एकटीपुरता न्सिमा, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, शिजवला, तो तसाच ठेवला आणि मन घट्ट करून फोल्डर उघडायला गेली.

तुम्हाला परवानगी नाही.

पुन्हा दाबलं. परवानगी नाही. अरे, घर माझं, कॉम्प्युटर माझा, बाबा माझे! लिंबानीला फोन लावला, तर त्याच्याकडे कॉपीच नव्हती. "घरी आहेत ना," म्हणाला. म्हणजे जगात बाबांचा आवाज एवढ्या एकाच ठिकाणी होता, आणि तिथे तिलाच मज्जाव. एनिफा टेबलावर डोकं ठेवून रडली, मग तशीच भिजत मागे गेली.

"ओडी..."

लुसुंगूने दार उघडलं. त्याच्या मागे दोरीने बांधलेली खोकी होती.

"हे काय?"

"बदली. करोंगाला, पार उत्तरेला. उद्या सकाळची बस आहे. सांगायला येणारच होतो, पण..." त्याने तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. "काय झालं?"

तिच्या मागोमाग आला, तरी तिच्या दाराशी थांबून ओडी म्हणायला तो विसरला नाही. पडद्यावरची चौकट पाहून त्याने ओठ चावला.

"हसायचं नाही," ती म्हणाली.

"नाही हसत. तुम्ही 'सगळ्यांना' मनाई केलीत."

"मग? तुम्हालाच बाहेर ठेवायचं होतं."

"पण सगळ्यांत तुम्हीही आलात ना, एनिफा. आणि मनाई असली की कुठलीच परवानगी चालत नाही."

कॉम्प्युटरचं सोडाच, गेलं वर्षभर ती हेच तर करत आली होती! मावश्या बोलवायच्या, चर्चमधल्या मैत्रिणी बोलवायच्या, आणि ही आपली दार लावून बसलेली.

"गाणी गेली का?" तिने हळूच विचारलं.

"छे हो. मालक तुम्हीच आहात, मनाईही तुम्हालाच काढता येते. काढा बरं."

तिने एकेक टिक काढली. मग 'सगळ्यांचं' नावच काढून स्वतःचं घातलं. आणि बाबा गायला लागले. मध्येच थांबून खाकरले, गायनवृंदातल्या बायकांना "घाई नको, सोप्रानोवाल्यांनो," म्हणाले आणि पुन्हा सुरू झाले. एनिफा रडत होती, हसतही होती. लुसुंगूने नजरेनेच विचारलं. तिने होकाराची मान हलवली, तेव्हा कुठे त्याने बाबांच्या आवाजात आपला आवाज मिसळला.

गाणं संपलं.

"तुझं नावही घालते," ती म्हणाली. 'तुझं' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

"नको घालूस. हे या घराच्या वायफायपुरतंच आहे. करोंगापर्यंत नाही पोचायचं."

"मग कॉपी ने. पेनड्राइव्ह आहे?"

त्याने खिशातून काढला, हातात फिरवला, परत खिशात ठेवला. "नको... कॉपी नेली, तर परत यायला कारण काय सांगू?"

धुकं खिडकीला टेकलं होतं. एनिफाने हात पुढे केला.

"दे इकडे. बाबांचं कारण नको, लुसुंगू. मी इथे एकटी आहे, आणि मला एकटं राहायचं नाहीये. तू आवडतोस मला. कॉपी घेऊन जा... आणि तरीही ये."

त्याने पेनड्राइव्ह तिच्या हातावर ठेवला.

"येतो," तो म्हणाला. "नोव्हेंबरच्या मोठ्या पावसाच्या आधी येतो."