हात काढू?

लाइट काही इतक्यात येत नाही, तेव्हा बसा सगळे जवळ. अरे, त्या वेताच्या खुर्चीत नको, तिचा पाय सैल झालाय. खाली सतरंजीवर बस. आणि मोबाइलचे ते दिवे विझवा. मेणबत्ती पुरे.

गोष्ट नाही सांगत, घडलेलं सांगतोय. माझा साडू, म्हणजे तुमच्या काकूच्या धाकट्या बहिणीचा नवरा, बसचा ड्रायव्हर. आम्ही त्याला स्टेअरिंगराव म्हणतो. हा माणूस जेवायला बसला तरी ताट दोन्ही हातांनी धरतो आणि वळण आल्यासारखा जरा डावीकडे झुकतो. माणूस वाईट नाही. पण स्वतःचं दुखणं डोंगराएवढं आणि दुसऱ्याचं राईएवढं, असला कारभार.

तर या स्टेअरिंगरावाचा उजवा खांदा धरला. गिअर टाकताना डोळ्यांत पाणी यायचं. औषधं झाली, शेक झाले, कुणी सांगितलेली तेलं झाली. आणि नेमकी तेव्हाच त्याची डॉक्टरी तपासणी जवळ आली. हात डोक्यावर गेला नाही तर गाडी काढून घेणार आणि डेपोत कुठेतरी खुर्चीवर बसवणार. जन्मभर गाडी चालवलेल्या माणसाला खुर्चीवर बसवायचं म्हणजे जिवंतपणी फोटो भिंतीला लावायचा. त्याची झोप उडाली होती.

मग लेकीने आईबापांना भेट दिली. गावाबाहेर, रस्ता संपतो तिथे एक हॉटेल आहे. गरम पाण्याचं तळं, वाफेची खोली, पांढरे झगे, सपाता, कुठून येतं कळत नाही असं बारीक संगीत. दोन दिवस राहायचं आणि दोघांना एकेक मालिश. हा काय म्हणाला माहीत आहे? "अगं, तुझी मालिशसुद्धा मीच घेतो. तपासणी माझी आहे. तुला काय झालंय, तू तर घरीच असतेस."

माझी मेव्हणी म्हणाली, "घ्या तुम्हीच."

तिची पाठ कित्येक वर्षं दुखते. पण ते आम्हाला माहीत, त्याला नाही.

गेल्या हिवाळ्यातला शनिवार. रात्रीचे नऊ वाजले होते आणि तळ्यावर वाफ की धुकं ते कळू नये अशी थंडी. मेव्हणी खोलीत गेली झोपायला. हा झगा सावरत मालिशच्या खोलीत गेला, दिवसातली शेवटची मालिश घ्यायला.

खोली लहान. दोन पलंग शेजारी शेजारी, एक दिवा, कोपऱ्यात एक स्टूल. मालिश करणाऱ्या बाई पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. तिथल्या पलंगाला डोक्याकडे एक भोक असतं. पालथं पडायचं आणि त्या भोकात तोंड घालायचं. दिसतं काय? फरशी. आणि मालिश करणाऱ्याची पावलं. बाकी जगाशी संबंध नाही.

बाईंच्या पायांत निळे कापडी बूट. एका बुटाची शिवण उसवलेली. हा तेवढंच बघत पडला होता. सकाळच्या पहिल्या मालिशमध्ये याला एक गंमत कळली होती. बाई मध्येच तेल घ्यायला म्हणून हात उचलायच्या आधी विचारायच्या, "काका, हात काढू?" आणि हा "काढा" म्हणेपर्यंत एक हात अंगावर ठेवूनच उभ्या राहायच्या.

"दर वेळी विचारता काय?" हा म्हणाला होता. "मी काय लहान मूल आहे?"

"आमच्याकडे विचारायची पद्धत आहे काका. तुम्ही फक्त काढा म्हणायचं."

रात्री मात्र गडबड झाली. बाईंचा एक हात याच्या खांद्यावर, अगदी दुखऱ्या जागी. तेवढ्यात बाहेर टॉवेल गरम करायच्या मशीनची शिट्टी वाजली. वाजतच राहिली. बाई "आले हं" म्हणाल्या आणि तशाच लगबगीने गेल्या. विचारलंच नाही.

निळे बूट वळले. दाराकडे गेले. दार लागल्याचा आवाज आला.

आणि हात खांद्यावर तसाच.

स्टेअरिंगराव म्हणतो, आधी काही वाटलंच नाही. मग डोक्यात उजेड पडला. बाई गेल्या... मग हा हात कुणाचा? त्याने भोकातून इकडेतिकडे डोळे फिरवले. फरशी रिकामी. पाऊल नाही. सावली नाही.

हात हलला.

अंगठा सरकला आणि बरोबर त्या गाठीवर आला, जिथे जीव जायचा. दाबला. याला ओरडायचं होतं. पण दुखणं... दुखणं विरघळायला लागलं हो. पाण्यात साखर विरघळावी तसं. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा! भीती वाटत होती आणि बरंही वाटत होतं. आणि या शहाण्याच्या तोंडून निघून गेलं, "असाच राहू दे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते असं.

बाई टॉवेल घेऊन आल्या तेव्हा हा उठून बसला होता. हात डोक्यावर नेऊन बघत होता आणि हात जात होता! बाईंनी त्याच्या खांद्याकडे पाहिलं. टॉवेल खाली ठेवला.

"काका, मी विचारलं नाही ना जाताना?"

"नाही विचारलंत."

"मग... काही जाणवलं?"

याचा हात नकळत खांद्याकडे गेला. बाई स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "इथे पूर्वी एक म्हाताऱ्या मावशी होत्या कामाला. एकदा त्या पलंगावरच्या माणसाला एकटं ठेवून टॉवेल आणायला गेल्या, आणि परत आल्या तोवर तो माणूस गेलेला. हृदय बंद पडलं. तेव्हापासून मावशी दोन्ही हात एकदम कधी काढायच्या नाहीत. समोरचा काढा म्हणेपर्यंत नाही. स्वतः गेल्या तेव्हाही इथेच, या स्टुलावर. रिकाम्या पलंगावर हात ठेवून बसलेल्या सापडल्या."

दिवा जरा मिणमिणला, असं हा सांगतो. ते याने पदरचं घातलेलं असेल.

"घाबरू नका," बाई म्हणाल्या. "त्या वाईट नाहीत. फक्त या खोलीत पालथं पडून म्हणायचं, झालं, हात काढा. म्हणजे काढतात. मी बाहेर थांबते. म्हणाल ना?"

बाई बाहेर गेल्या. हा पडला. तोंड भोकात घातलं. खांद्यावर हात होताच, ऊबदार. आणि याच्या मनात आलं... हात काढला आणि दुखणं परत आलं तर? तपासणी तोंडावर.

हा काही म्हणालाच नाही. थोडा वेळ पडून राहिला आणि बाहेर येऊन म्हणाला, "म्हटलं."

तपासणीत पास झाला. डॉक्टरने पाठ थोपटली. स्टेअरिंगराव पुन्हा गाडीवर! पेढे वाटायचेच काय ते राहिले. खांद्यावर ती ऊब सतत असायची. हा आनंदात. बायकोला म्हणायचा, बघ, पैसे वसूल.

मग हळूहळू लक्षात यायला लागलं. रात्री कूस बदलायला गेलं की हात दाबायचा. उठू द्यायचा नाही. पाणी प्यायला उठायचं तर आधी अर्धी लढाई. सकाळी सदऱ्यावर, मागे, खांद्याशी तेलाचा डाग. पंजाएवढा. मेव्हणीने साबण लावून घासला, उन्हात टाकला. वाळला की परत वर.

आणि मग तो दिवस आला. घाटात गाडीच्या बॉनेटमधून धूर निघाला. हा गाडी बाजूला घेऊन ओरडला, "उतरा सगळे!" माणसं धडाधड उतरली. हा सीटवरून उठायला गेला...

हात.

हा जोर लावतोय. हात दाबतोय. धूर आत आला. डोळे झोंबायला लागले. हा ओरडतोय, "सोड! सोड मला!" हात दाबतोय. शांतपणे. आजारी पोराला निजवावं तसा. शेवटी कंडक्टरने बगलेत हात घालून ओढून काढला. कंडक्टर नंतर मला म्हणाला, "साहेब, सव्वा मणाचा किडमिडीत माणूस, पण ओढताना दोन माणसांचं वजन लागलं."

दुखणं परवडलं पण इलाज नको, अशी गत झाली. त्याच शनिवारी हा हॉटेलात परत गेला. एकट्याने जायची छाती नव्हती, म्हणून बायकोला घेतलं. खरं कारण सांगितलं नाही. म्हणाला, "मागच्या वेळी तुझी राहिली ना मालिश? चल, या वेळी दोघं शेजारी."

मेव्हणी इतकी खूश झाली की तिने नवीन सपाता घेतल्या.

तीच खोली. तीच वेळ. नऊ. दोन पलंगांवर दोघं पालथी. बाई मेव्हणीच्या पलंगापाशी, तिची पाठ चोळत. याने तोंड भोकात घातलं आणि अगदी हळू, बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून, म्हणाला,

"झालं. हात काढा."

काही नाही.

मग खांद्यावरचं वजन... उचललं गेलं. बोट बोट करून. खांदा गार पडला. याच्या डोळ्यांतून पाणी आलं. सुटलो, वाटलं.

तेव्हा त्याला पावलं दिसली.

भोकाखाली. अगदी तोंडाखाली. अनवाणी. ओली. म्हातारी पावलं, पाण्यात राहून सुरकुतलेली.



पावलं वळली. निघाली... दाराकडे नाही. शेजारच्या पलंगाकडे.

याने मान वर करायला पाहिली. मान हलेना. डोळ्यांच्या कोपऱ्यातून निळे बूट दिसत होते, उसवलेले. ते मागे सरले. दोन पावलं मागे, भिंतीला टेकून थांबले. बाईंचे हात आता मेव्हणीच्या पाठीवर नव्हतेच.

आणि मेव्हणीचा आवाज आला. झोपेतला. सुखाचा.

"अहो... किती बरं वाटतंय... असाच राहू दे हं."

बाईंनी नंतर त्याला एवढंच विचारलं, "काका, तेव्हा तुम्ही म्हटलं नव्हतं ना?" याने मान खाली घातली.

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. खोटं बोललो तेही सांगितलं. हात जोडले, रडला. म्हणाला, "अगं, उद्या परत जाऊ. तू फक्त काढा म्हण. तो उठू देत नाही. कधी आग लागली, काही झालं, तर तू जागची उठायची नाहीस!"

मेव्हणीने सगळं ऐकून घेतलं. भाजी निवडत होती, ती निवडत राहिली. मग म्हणाली, "लग्न होऊन इतकी वर्षं झाली. माझ्या पाठीवर कुणी हात ठेवलाय का हो कधी?"



"मी नाही म्हणायची काढा," ती म्हणाली. "आणि आग लागलीच तर तुम्ही आहात ना उठवायला."

तेव्हापासून स्टेअरिंगरावाला झोप नाही. ती गाढ झोपते, घोरतेसुद्धा. हा अंथरुणात बसून असतो. तिच्या पांघरुणावर, पाठीच्या मधोमध, पाच बोटांचा खळगा पडलेला दिसतो म्हणे. हा कधी कधी आपला हात तिथे ठेवायला जातो. तिथे जागा नसते.

मीही हसलोच होतो ऐकून. म्हटलं, बसमध्ये धूर गेलाय याच्या डोक्यात.

पण मागच्या गुरुवारी दोघं इथे आली होती. जेवली. मेव्हणी मजेत होती, रंग उजळलाय तिचा. त्या वेताच्या खुर्चीत बसली होती. निघायची वेळ झाली, तेव्हा ती लगेच उठली नाही. जरा थांबली, मागे मान वळवून कुणाला तरी "चला" म्हणाल्यासारखं केलं, आणि मग उठली.

ती गेल्यावर तुमची काकू खुर्ची पुसायला गेली. पाठीच्या बाजूला, मेव्हणी टेकली होती तिथे काही नव्हतं. डाग होता तो पलीकडून. खुर्चीच्या मागे कुणी उभं राहून वरच्या दांडीवर पंजा टेकवला असेल, तसा. तेलाचा. काकूने राखेने घासला, साबणाने घासला.

पाय सैल झालाय म्हणालो ना मघाशी... पाय चांगला आहे खुर्चीचा.

ती मेणबत्ती घे जरा इकडे. दांडीला हात लावू नकोस. नुसती जवळ ने आणि सांग मला... अजून ओला आहे का?