पाचवीचा दिवा आणि सव्वीस अंश

"खोलीचे तापमान सव्वीस अंश. हीटर बंद आहे," भिंतीवरचा समताप, म्हणजे खोलीची ऊब सांभाळणारं यंत्र, म्हणाला.

मग बाळाचे पाय इतके गार कसे?

मृण्मयीने पुन्हा हात लावून पाहिला. बाळ, म्हणजे तिची धाकटी बहीण, पाच दिवसांचं होतं, तीन आठवडे आधी जन्मलेलं. खोली सव्वीस अंशांवर ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. संध्याकाळपासून ते दूध पीत नव्हतं, रडतही नव्हतं. बाबा डॉक्टरांना आणायला गेले होते. २०६१ सालातल्या डिसेंबरात चिखलदऱ्याचा तो जुना दगडी बंगला गारठला होता.

"तात्याआजोबा, हा खोटं बोलतोय!"

तात्याआजोबांनी वेधशाळेत तीस वर्षं उपकरणं तपासली होती. "यंत्र खोटं बोलत नाही गं. ते कुठे मोजतंय, ते बघ."

मृण्मयीने आजोबांचा तापमापक पाळण्यात धरला. एकोणीस! मग समतापाजवळ नेला. सव्वीस!

"समतापात संवेदक (उष्णता ओळखणारा भाग) असतो," आजोबा म्हणाले. "तो मोजतो, ठरवलेल्या आकड्याशी ताडतो आणि हीटर चालू किंवा बंद करतो. पूर्वी इथे नुसती घुंडी होती. थंडी वाजली की आपणच फिरवायचो. हा स्वतः ठरवतो, पण त्याला फक्त त्याच्याजवळची हवा कळते. त्यात या जाड दगडी भिंती ऊब शोषून घेतात. हीटर थांबला की खोली लगेच गार."

मृण्मयीने समतापाखालच्या कोनाड्यात पाहिलं. तिथे समई तेवत होती.

"दिवा! त्याची गरम हवा सरळ वर जातेय!"

"विझवू नका हं," आई घाबरून म्हणाली. "आज पाचवी. सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते. दिवा रात्रभर तेवत राहायला हवा."

"विझवतंय कोण? पलीकडे पाटावर ठेवू. सटवाईला तिथूनही दिसेल," आजोबा म्हणाले. समई हलवून त्यांनी समतापाचं बटण 'हाताने' या खुणेवर फिरवलं. हीटर घुमू लागला.

आईने बाळाला उघड्या छातीशी घेतलं, वरून गोधडी ओढली. मृण्मयी पाळण्यातला तापमापक वाचत राहिली. एकवीस. बावीस. तेवीसला तिने विचारलं, "आजोबा, एक संवेदक पाळण्यालाच बांधला तर?"

"दोन बांधू. एक चुकला तर दुसरा सांगेल. उद्या तूच जोड, मी नुसता बघेन."

तेवढ्यात गोधडीखालून बाळाने जोरदार भोकाड पसरलं.

"भूक लागली गं बाई हिला!" आई म्हणाली आणि स्वतःच रडू लागली.