उफणणीचा वारा

मुस्तांगातल्या आमच्या धावपट्टीवर सकाळचा वारा अगदी गरीब गाय असतो. ऊन चढून दरी तापली, की तोच खालून असा उसळतो की आम्ही विमानं बंद करून चहाला बसतो. यात देवाधर्माचं काही नाही, हे रेडिओवर बसून मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलोय.

ओमकुमारी आत्याला ते पटत नाही. धावपट्टीला लागूनच तिचं खळं. कुट्टूचं धान्य उफणायचं असलं की ती शीळ घालून वारा बोलावते. शेवटचं विमान उतरेपर्यंत शीळ घालायची नाही, हा नियम मात्र गावात सगळेच पाळतात. मीसुद्धा.

त्या दिवशी पोखऱ्याचं विमान धुक्यानं रखडलं. आत्याला वाटलं, येऊन गेलं. विमानात नुसतं सामान होतं, आणि चालवायला माझी भाची सरिना एकटीच.

ते वळणावर दिसलं आणि खळ्यावरून शीळ आली. लांब, गोड, डोळ्यांवर झापड आणणारी. टरफलं उन्हात सोनेरी होऊन वर गेली. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी ताठ झाली.

"सरिना, वारा आडवा आहे. परत जा."

"मागे ढगांनी दरी बंद केलीय, मामा. उतरतेय. तुझ्या मोटरसायकलवर बसण्यापेक्षा सोपं आहे हे."

मी खिडकीतून ओरडलो, "आत्या, विमान यायचंय अजून!"

तिच्या हातातलं सूप गळालं. "अगं बाई! थांब, परत घेते."

तिनं ओठांचा चंबू केला आणि शीळ आत ओढली.

वारा थांबला.

सरिनानं एक पंख वाऱ्यावर रेलवला होता, दाराला खांदा लावावा तसा. दारच नाहीसं झालं. पंख जमिनीला घासला, विमान उलटलं.

मी धावलो. बहिणीला काय तोंड दाखवू, एवढंच मनात होतं.

सरिना शेजारच्या गवतावर बसली होती, कुणी अलगद उचलून ठेवल्यासारखी. अंगावर ओरखडाही नाही. मी तिला छातीशी धरून ढसाढसा रडलो. त्या भरात मला दुसरं काही कळलं नाही.

"वाचली गं पोर," आत्या म्हणाली. "घरी चला."

वाटेत झाडाचं पान हलत नव्हतं.

घरी आत्यानं दारं-खिडक्या लावून घेतल्या, चहा दिला. सरिना तोंडावर उडून येणारे केस सारखे मागे सारत होती.

"मामा, एखादी खिडकी उघडी राहिलीय का रे?"

मी तिचा हात हातात घेतला. माझी बाही फडफडायला लागली.