कुसुमताईंचं आसन

मला घाबरट समजू नका, एवढं आधीच सांगते. तुमसरला आमच्या दवाखान्यात मी मेंदूचा आलेख काढते. माणसाच्या डोक्याला तारा चिकटवायच्या, त्याला खाटेवर निजवायचं आणि पडद्यावरच्या लाटा बघत बसायचं, हेच माझं काम. जागा मेंदू बारीक, घाईच्या लाटा काढतो. डोळे मिटून निवांत पडलं की सुबक, एकसारख्या अल्फा लाटा येतात आणि डोळे उघडताच विझतात. डुलकी लागली की थीटा. गाढ झोपेत डेल्टा, रुंद आणि संथ. झोपेचं सोंग घेऊन कुणी कितीही घोरो, पडदा त्याला उघडं पाडतो.

कुसुमताई आंधळगावच्या विणकर घरातल्या. झोप येत नाही म्हणून आल्या होत्या. वर्षानुवर्षं ध्यानाला बसणारी बाई. खाटेवर त्यांनी स्वतःचं कोसा रेशमाचं आसन अंथरलं आणि ताठ बसूनच तारा लावून घेतल्या. "डोळे उघडा," मी म्हटलं. त्यांनी उघडले. अल्फा हलल्या नाहीत! आमचे डॉक्टर अनुप सर खूश झाले. जुन्या साधकांचं कधी कधी असं दिसतं म्हणाले.

जाताना ताई आसन विसरल्या. फोन केला, तर त्यांचा मुलगा म्हणाला, "आई गेली. बसल्या बसल्याच. आसन तुमीच नदीत सोडून द्या." झाडलोट करणाऱ्या कुंताबाईनंही तेच धरलं. "ताई, दुसऱ्याच्या आसनावर कोनी बसत नाही. वैनगंगेत सोडा."

मला कुणी असं करू नये म्हटलं की तेच करावंसं वाटतं. आमच्या खाटेची गादी उशीखाली खचली होती. मी आसनाची घडी केली आणि त्या खळग्यात घातली. कापडाला कुठे कळतं, कोण झोपलंय?

मग सानगडीच्या कैलाशची गुंजन आली. दुसरीतली पोर, झटके यायचे. झोपेतला आलेख हवा म्हणून बापानं तिला रात्रभर जागवून आणलं होतं.

"मॅडम, मांगच्या खेपी झटका आला तं धानाच्या बांधीतल्या पान्यात पडली," तो म्हणाला. "मी जवळ होतो म्हनून वाचली. कोनती गोळी द्याची, ते आज तरी समजन ना जी?"

"समजेल," मी म्हटलं.

खोलीत पडदे ओढलेले, दिवा मंद. पोर उशीला डोकं टेकताच झोपली. खालच्या ओळींत डेल्टा पसरली. आणि वरच्या ओळींत अल्फा. सुबक, एकसारख्या. म्हणजे पोर माझ्यासमोर घोरत होती, आणि तिच्याच डोक्यात कुणीतरी जागं, निवांत बसलं होतं.

"तार सैल असेल," सर म्हणाले. मी तारा बदलल्या. तेच. "यावरून मी गोळी ठरवणार नाही. पुन्हा बोलवू."

कैलाशचा चेहरा उतरला. "पुन्हा कसा जागवू जी? जागरनानंच तर झटके येतात तिले..."

तेवढ्यात मला वास आला. रेशमाचे कोसे उकळताना येतो तो, उग्र, ओलसर. मग श्वास ऐकू आला. पोरीचा नाही. लांब, मोजका... उशीच्या आतून आल्यासारखा.

भीती वाटली. खोटं कशाला बोलू? पण भीतीपेक्षा राग मोठा होता. मी उशीखालून आसन ओढून काढलं. लाटा तशाच. मग मी ते सरळ फरशीवर अंथरलं.

"कुसुमताई," मी म्हटलं. "ही खाट पोरीची आहे. तुमाले बसाचंच असन, तर लेकराजवळ काहून बसता? मी आहो ना. या इकडे."

आणि मी आसनावर बसले. कुंताबाई दारातून "ताई, नोको..." म्हणाली, तोवर माझी पाठ आपोआप ताठ झाली होती. अंग इतकं निवांत झालं, की आयुष्यात कधी झालं नव्हतं. तो निवांतपणा मला मुळीच आवडला नाही.

"आलं!" सर ओरडले. पोरीची अल्फा पुसली गेली होती. मोकळ्या डेल्टामध्ये झटक्यांची टोकं स्पष्ट उठली. सरांनी गोळी लिहून दिली. कैलाशनं झोपलेली पोर खांद्यावर घेतली, मला हात जोडले आणि तो गेला.

सर हसत होते. "काय रंजिता, ध्यानाला बसलीस का?"

मी सगळं सांगितलं. ते आणखी हसले. मग मी खाटेवर जाऊन बसले. "लावा मले तारा. होऊन जाऊ द्या."

त्यांनी लावल्या. पडदा त्यांच्याकडे होता, मला दिसत नव्हता. त्यांचं हसू हळूहळू थांबलं.

"डोळे उघड, रंजिता."

"उघडेच आहेत सर. तुमच्याकडेच पाहून राहिली."

त्यांनी वर पाहिलं. पुन्हा पडद्याकडे. "वर अल्फा आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "आणि खाली डेल्टा. पोरीला होतं तसंच... गाढ झोप. बोल बरं काहीतरी."

"काय बोलू? त्यांना बसायचं तर बसू द्या. मी कुनाले भेत नाही. मी जागी आहो, आणि मीच बोलून राहिली!" मी ठणकावून सांगितलं.

सरांनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"मग ही... खालच्या ओळींत झोपलेली कोण आहे?"